ओल्या दुष्काळाची नोंद

मुद्रितशोधनाच्या कामात विसंगती हुडकणं हा रोजचा उद्योग असतो. पहिल्या प्रकरणात वारलेली आजी पाचव्या प्रकरणात अंगणात वाती वळत बसलेली असते. एका पानावर पौर्णिमा असते आणि कथेतल्या दोनच दिवसांनी अमावास्येची रात्र उगवते. हे हेरायचं, समासात खूण करायची, लेखकाला कळवायचं. हळूहळू डोळ्याला अशी सवय लागते की एकमेकांना छेद देणारे दोन शब्द शेजारी दिसले की लाल पेन आपोआप उचललं जातं. पण याच कामानं मला हेही शिकवलं की काही ठिकाणी तो छेद हीच मजकुरातली सगळ्यात नेमकी जागा असते. तिथं पेन खाली ठेवायचं. ते कुठं उचलावं आणि कुठं ठेवावं हे कळणं म्हणजे, माझ्या मते, या कामातली अर्धी विद्या.

शाळेत आपली याच्याशी ओळख विरोधाभास अलंकार म्हणून होते. वरवर विरोध दिसतो, खरा नसतो, एवढी व्याख्या पाठ करून आपण पुढं जातो. संस्कृत काव्यशास्त्र मात्र इथं फार बारकाईनं थांबलेलं आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त विरोधाचे दहा प्रकार सांगितले. जाती, गुण, क्रिया आणि द्रव्य हे चार पदार्थ घेतले. जातीचा चौघांशी विरोध, गुणाचा उरलेल्या तिघांशी, क्रियेचा दोघांशी आणि द्रव्याचा द्रव्याशी, असे मिळून दहा. कारण नसताना कार्य घडलं तर ती विभावना, कारण असूनही कार्य घडलं नाही तर ती विशेषोक्ती. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त वर्णनांमधून अशी परस्परविरोधी विशेषणं एकामागून एक येतात आणि श्लेष उलगडला की विरोध विरून जातो. वाचकानं गाठ सोडवायची आणि सोडवल्याचा आनंद घ्यायचा, अशी ही रचना.

इंग्रजीत ज्याला ऑक्झिमोरॉन म्हणतात तो या कुळातला सगळ्यात आटोपशीर प्रकार. शब्द दोनच. मध्ये ‘जरी’ नाही, ‘तरी’ नाही, ‘पण’ नाही. वाक्यात ‘पण’ आला की मन वळण घ्यायला तयार होतं. इथं तशी सवड मिळत नाही. एक शब्द जिकडं नेतो त्याच्या बरोबर उलट दिशेला दुसरा ओढतो आणि दोघांपैकी कुणी सोडत नाही.

सोडत नाही, हे महत्त्वाचं. दिवाळी अंकांचं काम सुरू झालं की कवितांचे गठ्ठे येऊ लागतात. त्यांत ‘बोलकं मौन’, ‘निःशब्द संवाद’, ‘गर्दीतला एकांत’ हमखास भेटतात. या जोड्या कुणीतरी पहिल्यांदा जुळवल्या तेव्हा त्यांतले दोन्ही शब्द शाबूत असणार. आता ‘मौन’ म्हटलं की ‘बोलकं’ ओघानंच येतं, थांबायला होत नाही. रोजच्या बोलण्यातल्या ‘भयंकर सुंदर’चंही तेच झालं. तिथल्या ‘भयंकर’मध्ये भय उरलेलं नाही, तो नुसतं ‘फार’चं काम करतो. म्हणून मी जोडीतला एकेक शब्द वेगळा उचलून बघते. त्याचं पूर्ण वजन अजून आहे का? दुसऱ्याच्या शेजारी बसताना त्यानं स्वतःला आकसून घेतलं आहे का? दोघंही भरलेले असतील तर जोडी ठेवायची. एक जरी पोकळ निघाला तर कवीला तसं कळवायचं. कवी बहुधा रागावतात. पण मला हे सांगणं कर्तव्य वाटतं, कारण पोकळ जोड्यांच्या गर्दीत खऱ्या जोड्या वाचकाच्या नजरेतून सुटतात.

शब्द तोच असूनही शेजार बदलला की तो कसा जागा होतो हे पाहायचं तर महेश एलकुंचवारांच्या ललितलेखसंग्रहाचं ‘मौनराग’ हे नाव घ्यावं. रागाला स्वर लागतात, वेळ लागते, विस्तार लागतो. ते सगळं वाचकाला मौनाला बहाल करावं लागतं, आणि तसं करताना मौन म्हणजे आवाज नसणं एवढंच नव्हे, हे त्याचं त्यालाच उमगतं. इथं दोन्ही शब्द पूर्ण आहेत.

हाच फरक एकाच नाटकात दोनदा दाखवून शेक्सपिअरनं माझं काम फार सोपं केलं. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या पहिल्या अंकात रोमिओ ज्युलिएटच्या नव्हे, रोझालिनच्या प्रेमात असतो. तेव्हा तो एका दमात विरोधी शब्दांच्या जोड्यांची माळ ओवतो. जड आणि हलकं, तप्त आणि गार, जागं आणि झोपलेलं, सगळं त्यात येतं. चौदाव्या शतकात पेत्रार्कनं इटालियन सुनीतांमध्ये प्रेमातली आग आणि बर्फ शेजारी मांडले, आणि पुढं दोनशे वर्षं युरोपातल्या प्रेमकवींनी ती रीतच करून टाकली. रोमिओ ती रीत पाळतो आहे. त्याचं दुःख शिकलेलं आहे. तिसऱ्या अंकात मात्र ज्युलिएटला कळतं की लग्नाला काही तास झालेल्या तिच्या नवऱ्यानंच तिच्या मामेभावाला मारलं. मग तीही तशाच जोड्या बोलते. एका शब्दात देखणेपण, दुसऱ्यात क्रौर्य. पण तिला नवराही सोडता येत नाही आणि भाऊही. तिच्या तोंडी त्या जोड्या येतात कारण त्या क्षणी दुसरं काही बोलताच येण्यासारखं नाही. अलंकार एकच, एक पात्र तो मिरवतं, दुसरं त्यात सापडतं. नव्यानं काम शिकायला येणाऱ्यांना मी ही दोन भाषणं लागोपाठ वाचायला देते. त्यानंतर फारसं समजावावं लागत नाही.

आमच्या धंद्याचं एक जुनं चिन्हही याच जातीचं आहे. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मनुशियस सोळाव्या शतकाच्या आरंभापासून आपल्या पुस्तकांवर नांगराला वेढून बसलेला डॉल्फिन छापू लागला. डॉल्फिन वेगाचा, नांगर थांबण्याचा. सम्राट ऑगस्टसचं आवडतं मानलं गेलेलं वचन त्यामागं होतं: घाई करावी, पण सावकाशीनं. फर्मा छपाईला जायची वेळ आली आणि शेवटचं प्रूफ अजून टेबलावर असलं की याचा अर्थ मला अंगावर कळतो.

पण परदेशातल्या उदाहरणांपेक्षा मला जास्त शिकवलं ते ‘अमृतानुभवा’च्या एका सटीप आवृत्तीच्या प्रुफांनी. त्या वेळी आमच्याकडं एक हुशार मुलगी नव्यानं रुजू झाली होती. अनुक्रमणिका तपासताना तिनं सातव्या आणि आठव्या प्रकरणांच्या नावांपुढं प्रश्नचिन्ह केलं. सातवं अज्ञानखंडन, आठवं ज्ञानखंडन. आठव्यातला ‘अ’ पडला असावा किंवा अक्षरजुळणी करणाऱ्यानं तेच नाव अर्धवट पुन्हा टाकलं असावं, असा तिचा तर्क. तर्क म्हणून तो अगदी योग्य होता. मी तिला म्हटलं, “आता सहाव्याचं नाव वाच.” सहावं शब्दखंडन. शब्दांनीच शब्दांचं खंडन करायचं, मग अज्ञानाचं करायचं आणि मग अज्ञान घालवणाऱ्या ज्ञानाचंही करायचं. कारण अज्ञान मुळात नसेलच तर त्याला घालवणारं ज्ञान तरी कुठून टिकणार? तिनं प्रश्नचिन्हं खोडली आणि दुपारभर ते प्रकरण वाचत बसली. तिला मी दुसरं काम दिलं नाही.

ज्ञानेश्वरांच्या या ग्रंथाचा आरंभच दोन असून एक आणि एक असून दोन अशा शिवशक्तीच्या वर्णनानं होतो. तिथं विरोध शोभेचा नाही. जे सांगायचं आहे ते एका बाजूच्या शब्दात सांगितलं तर खोटं ठरतं, दुसऱ्या बाजूच्या शब्दात सांगितलं तरी खोटंच ठरतं. म्हणून दोन्ही शब्द एकदम ठेवायचे. मुक्ताबाईंच्या कूटरचनेतली सूर्य गिळणारी मुंगी, एकनाथांची काही भारुडं, उत्तरेत कबीरांच्या उलटबाँसी, या सगळ्यांची वाट हीच. त्या सावकाश उलगडायच्या, त्यावर कीर्तनं व्हायची. दोन शब्दांच्या जोडीचा आवाका लहान. पण ‘अनाहत नाद’ हे काय आहे? आघाताविना नाद. किंवा ‘संजीवन समाधी’. 1296 साली आळंदीत जे घडलं त्याला मराठी माणसानं हे नाव दिलं आणि कार्तिक वद्य त्रयोदशीला इंद्रायणीकाठी जमणाऱ्या वारकऱ्यासाठी त्यातला ‘संजीवन’ही खरा असतो, ‘समाधी’ही. सातशे वर्षं वापरात असूनही ही जोडी घासली गेली नाही, कारण म्हणणाऱ्यांनी तिच्यातला एकही शब्द सोडला नाही.

‘मूकनायक’ हे नाव मी लहानपणापासून ऐकत होते. त्याच्याकडं नीट पाहायला मात्र कामामुळं मिळालं. या पाक्षिकाच्या शताब्दीच्या निमित्तानं निघणाऱ्या एका लेखसंग्रहाची प्रुफं माझ्याकडं होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी ते सुरू केलं. त्या वेळी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. अंकाच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग असे. व्याकरणानं या नावाचा विग्रह दोन प्रकारे होतो: मूकांचा नायक, किंवा मूक असा नायक. पहिला विग्रह विरोध मिटवतो आणि अर्थ सरळ करून देतो. दुसरा विरोध जागा ठेवतो. नायक म्हटला की त्याला वाणी हवी, आणि वृत्तपत्राचा तर जन्मच बोलण्यासाठी. त्या दोघांच्या माथ्यावर ‘मूक’ हा शब्द. ज्या समाजाला तोंड उघडू दिलं गेलं नव्हतं त्याच्या पत्राचं नाव याहून खरं कसं असू शकलं असतं? संग्रहातल्या एका लेखात दुसरा विग्रह चुकीचा ठरवला होता. मी लेखकाला लिहिलं की पहिला अर्थ अभिप्रेत असला तरी दुसरा वाचकाच्या मनातून घालवता येत नाही आणि घालवूही नये. त्यांनी ते वाक्य बदललं.

त्या प्रुफांवरून आणखी एक गोष्ट लक्षात आली. 1927 साली आलेल्या पुढच्या पत्राचं नाव ‘बहिष्कृत भारत’. इथंही तोच ताण: अख्खा देशच ज्याच्या नावात आहे त्याला बाहेर कुणी आणि कुठून काढायचं? पुढं 1930 मध्ये ‘जनता’ आणि 1956 मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. या नावांत एक शब्द दुसऱ्याशी भांडत नाही. छत्तीस वर्षांच्या झगड्यात नावातला विरोध विरत गेला. तो कुणी काव्यशास्त्रानं सोडवला नाही. माणसांनी रस्त्यावर, तळ्यावर, सभांमधून सोडवला. मम्मटाच्या दहा प्रकारांत याला जागा नाही, आणि माझ्या लेखी मात्र हा विरोधाभासाचा सगळ्यात मोठा परिहार आहे.

सगळेच विरोध असे सुटत नाहीत. गेल्या काही वर्षांत माझ्या हाती आलेल्या हस्तलिखितांत मला सगळ्यात जवळचं वाटलं ते मांजरा नदीकाठच्या एका शेतकऱ्याचं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. फुलस्केप वह्यांत निळ्या पेनानं लिहिलेली आठवणींची पानं. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला जाणारे आईवडील, सुकडी, लाल मिलो. मग 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी. आणि त्याच खोऱ्यात 2021 च्या सप्टेंबरात धरणाचे दरवाजे उघडल्यावर पाण्याखाली गेलेली शिवारं. या शेवटच्या प्रकरणाला त्यांनी नाव दिलं होतं ‘ओला दुष्काळ’. वाचून पाहणाऱ्या एका तज्ज्ञांनी शेरा मारला की ही संज्ञा वर्तमानपत्री आहे, शास्त्रशुद्ध शब्द ‘अतिवृष्टी’ वापरावा. मी अण्णांना फोन केला आणि शेरा वाचून दाखवला.

“मॅडम,” ते म्हणाले, “अतिवृष्टी एका रात्रीत होती अन् संपती. दुष्काळ वर्षभर काढावा लागतो. आमी काढला, ते लिवलंय.”

मी म्हटलं, “अण्णा, हे जसंच्या तसं प्रकरणात घाला.” त्यांनी घातलं.

त्या प्रकरणासाठी मी थोडा अभ्यास केला आणि दिसलं की या जोडीतला एकही शब्द अतिशयोक्त नाही. पिकाच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरून राहिल्या की मुळं गुदमरतात आणि पाणी वर ओढू शकत नाहीत. रान चिभडतं, पानं पिवळी पडतात, माना टाकतात. गुडघाभर पाण्यात उभं पीक सुकतं. सोयाबीन काढणीला आलेलं असलं तर शेंगेतच कोंब फुटतात. कापून बनीम लावली असेल तर ती आतून तापते, बुरशी धरते, दाणा काळा पडतो. आठवडे वापसा येत नाही, म्हणजे रब्बीची पेरणीही लांबते. कडबा कुजतो, तेव्हा जनावरं उपाशी. काठावरच्या विहिरी गाळानं भरतात, तेव्हा सगळीकडं पाणी आणि प्यायला टँकर. मजुरीची कामं थांबतात. घरात धान्य नाही, दावणीला वैरण नाही, हाताला काम नाही, बँकेचा हप्ता थकलेला: यातलं कोणतं लक्षण कोरड्या दुष्काळाचं नाही?

आणि हे नाव नुसतं वर्णन नाही, मागणीही आहे. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाल्यावर. मग पंचनामे, 33 टक्क्यांहून अधिक नुकसानीची अट आणि हेक्टरी मदत. दुष्काळ जाहीर झाला तर आणखी दारं उघडतात. जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सवलत, मुलांचं परीक्षा शुल्क माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता. म्हणून मोर्चातला शेतकरी ‘अतिवृष्टी जाहीर करा’ म्हणत नाही. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पुन्हा पूर आला तेव्हा ही मागणी जोरात उठली. नियमपुस्तिकेत ओला दुष्काळ अशी संज्ञाच नाही, पण दुष्काळात देतात त्या सवलती देऊ, अशी भूमिका सरकारनं घेतली. नियमाला जो विरोध मानवत नव्हता तो लोकांनी दोन शब्दांत इतकी वर्षं धरून ठेवला होता, आणि सवलतींपुरता तरी तो मानावा लागला. भाषेच्या कामात असणाऱ्या माणसाला याहून मोठा आधार कुठला मिळणार? कवींनी घडवलेल्या जोड्यांवर माझं प्रेम आहेच. पण ही जोडी कुणा एकाची नाही, तिला कर्ता नाही, आणि ती कोणत्याही कवितेइतकी घट्ट आहे.

विरोध वरवरचा असतो आणि विचार केला की मिटतो, ही व्याख्या इथं मला अपुरी वाटते. मुळं का गुदमरतात हे कळल्यावर माझ्या डोक्यातला विरोध मिटला. अण्णांच्या शिवारातला तसाच राहिला. 2016 साली ज्या गावानं पाण्याच्या एका घागरीसाठी रांगा लावल्या, त्याच गावानं पाच वर्षांनी पाणी ओसरायची वाट पाहिली आणि दोन्ही वर्षी बी-बियाणांची उधारी थकवली. हे कोणत्या श्लेषानं उलगडायचं?

पुस्तक आता छपाईला चाललं आहे. आठवणींच्या पुस्तकाला सहसा सूची करत नाहीत, पण यात पिकांची, अवजारांची, नक्षत्रांची, वाऱ्यांची इतकी नावं आहेत की मी आग्रहानं करायला लावली. अवकाळी, गारपीट, अतिवृष्टी या नोंदी ‘पाऊस’खाली लागल्या. बाहत्तरचा आणि सोळाचा ‘दुष्काळ’खाली. ओल्या दुष्काळाचं काय करावं हे मी अण्णांना विचारलं. आता ते मला ताई म्हणतात.

“ताई, दोन्हीकडं टाका,” ते म्हणाले. “पाण्यावरून हुडकणाऱ्याला तिथं घावू द्या, उपासावरून हुडकणाऱ्याला तिथं.”

सूचीच्या रीतीप्रमाणं एकच नोंद दोन ठिकाणी आली तर एका जागी पानांचे आकडे देतात आणि दुसऱ्या जागी फक्त ‘पाहा’ असं लिहून पहिल्या नोंदीकडं पाठवतात. आम्ही दोन्ही जागी सगळे आकडे दिले आहेत.